हिवाळ्याची सुट्टी, कंबुजाची वाट

दिवाळीच्या पणत्या धुऊन-पुसून माळ्यावर जातात न जातात तोच शहरांतील मराठी घरांत एका नव्या चर्चेला तोंड फुटते. नाताळच्या सुट्टीत यंदा कोणता देश? दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न पडतच नसे. सुट्टी म्हणजे कोकणातले आजोळ, फार तर महाबळेश्वर; आणि घरात एखादे लग्न निघाले की तेही रद्द. परदेश हा पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग'मधून, आरामखुर्चीत बसून पाहायचा प्रांत होता. आज चित्र पालटले आहे. निवृत्त शिक्षक दांपत्य पारपत्र बाळगून असते, नोकरी करणारी लेक आईवडिलांना हौसेने विमानात बसवते, वर्षभर पै-पै साठवून चौघांचे कुटुंब आठ दिवसांसाठी देशाबाहेर जाऊन येते. यात नाक मुरडण्यासारखे काहीही नाही. देशाटनाने माणूस शहाणा होतो असे मानणारा हा समाज आहे. आक्षेप असलाच तर तो निवड कशी होते, याला आहे.

या निवडीचे व्याकरण मोठे गमतीचे असते. 'आमचे सिंगापूर झाले, दुबई झाली, आता युरोप राहिला' हे वाक्य कोणत्याही हळदीकुंकवाच्या समारंभात कानी पडावे. देश 'होतात', मंगळागौर व्हावी तसे, किंवा घराचे रंगकाम व्हावे तसे. शेजारच्यांचे काय झाले आहे, सहल कंपनीच्या पुस्तिकेत कोणते पान गुळगुळीत आहे आणि किती दिवसांत किती शहरे मिळतात, एवढ्यावर लाख-दोन लाखांचा व्यवहार ठरतो. साडी घेताना काठ-पदर उलटून पाहणारी गृहिणी आणि भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे गृहस्थ इथे मात्र एकही प्रश्न न विचारता सही करतात. त्या देशात त्या महिन्यात ऊन असते की पाऊस, दिवस किती तासांचा, तिथे जे पाहायचे ते समजून घेण्याची तयारी आपल्यापाशी आहे की नाही, यांतले काहीच विचारले जात नाही.

साधी ऋतूची गोष्ट घ्यावी. डिसेंबरअखेर लंडनमध्ये दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. नाताळच्या दिवशी तर शहरातील सार्वजनिक वाहतूकही जवळजवळ ठप्प असते. हजारो रुपये मोजून माणूस तिथे हॉटेलच्या खिडकीतून अंधार पाहत बसतो. बाली बेटाचे नाव हल्ली नवविवाहितांच्या ओठांवर असते. परंतु नोव्हेंबर ते मार्च हा तेथील पावसाळा, हे विमानतळावर उतरल्यावर कळते. मॉरिशस हे तर कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे बेट. तिथे आजही मराठी शिकवली जाते, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथे जरूर जावे, मात्र जानेवारी-फेब्रुवारी हे तिथले चक्रीवादळांचे दिवस आहेत हे ध्यानात ठेवून. मध्य व्हिएतनाममधील मी सन येथील चाम राजांची शिवमंदिरे पाहायची असतील, तर डिसेंबरऐवजी फेब्रुवारीअखेर गाठलेली बरी. वर्षअखेरीस त्या किनाऱ्यावर पावसाचा जोर असतो. याच मी सनमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या चमूला २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले होते, हे जाता जाता नमूद करायला हवे.

मग आपल्या हिवाळ्यात, शाळांच्या सुट्टीच्या काळात, आकाश निरभ्र, हवा कोरडी, खर्च आवाक्यात आणि पाहण्यासारखे अपार असा देश कोणता? ज्याचे नाव सहलींच्या यादीत अजूनही तळाशी असते, तो कंबोडिया. जुन्या संस्कृत लेखांतला कंबुजदेश. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तेथील कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ. पहाटे वीस अंशांच्या आसपास, दुपारी तीस; एप्रिलमध्ये मात्र तिथला दगड नागपूरच्या मेमधल्या दगडासारखा तापतो. पावसाळ्यात उलटी वाहून तोन्ले साप सरोवर कित्येक पट फुगवणारी नदी नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा मेकाँगकडे वळते, पाणी ओसरू लागते, मासेमारीला उधाण येते. अंगकोरच्या खंदकांत मात्र पाणी असते आणि भोवतीची झाडे अजून हिरवी असतात. हे दिवस जणू पाहुण्यांसाठीच राखून ठेवलेले.

अंगकोर वाटचे छायाचित्र कोणी पाहिले नाही? त्या देशाच्या ध्वजावरच ते आहे. परंतु छायाचित्रात जे दिसत नाही, तिथेच मराठी प्रवाशाचे खरे भांडवल आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी उभारलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक ओलांडून आत गेले की तिसऱ्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या, आवाराच्या भिंतीवर शेकडो मीटर लांबीची शिल्पमाला सुरू होते. पश्चिमेच्या दक्षिण बाजूस कुरुक्षेत्र आहे. दोन्ही सैन्ये दोन टोकांनी चालून येतात, मध्यभागी एकमेकांत मिसळतात, आणि शरशय्येवर भीष्म पहुडलेले असतात. जर्मन किंवा जपानी प्रवाशाला इथे वाटाड्या लागतो, छापील माहितीपत्रक लागते. आजीच्या मांडीवर महाभारत ऐकलेल्या मुलाला काहीच लागत नाही. तो बोट दाखवून सांगू लागतो.

पुढे दक्षिणेच्या भिंतीवर खुद्द सूर्यवर्म्याची सेना आहे, त्यानंतर यमाचा दरबार, चित्रगुप्त आणि बत्तीस नरक. पूर्वेच्या भिंतीवर समुद्रमंथन. एकूणपन्नास मीटर लांबीच्या त्या पट्टीवर वासुकीला धरून एका बाजूस ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूस ८८ देव ओढ घेत आहेत. मध्ये मंदराचलाशी विष्णू, खाली कूर्म, वर फेसातून उसळणाऱ्या अप्सरा. उत्तरेकडे कृष्ण आणि बाणासुर, आणि फेरी पूर्ण करून पुन्हा पश्चिमेला आले की लंकेचे युद्ध. इथे एक बारकावा आहे. ही कथामाला देवळाला डावीकडे ठेवून, म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने वाचायची असते. अशी उलटी परिक्रमा अंत्यविधीची, आणि मंदिराचे मुख पश्चिमेला. म्हणून हे राजाचे समाधिमंदिरही असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मृत्यूनंतर सूर्यवर्म्याला मिळालेले नाव होते परमविष्णुलोक. सवयीने उजवी प्रदक्षिणा घालणारा भारतीय प्रवासी ही सारी पोथी शेवटच्या पानापासून वाचत जातो, आणि कोणी त्याला ते सांगतही नाही.

सांगायला वेळ तरी कुठे असतो? बहुतेकांच्या सहलीत कंबोडिया असलाच तर बँकॉकच्या खरेदीला जोडलेल्या दीड दिवसाचा. पहाटे पाचला डाव्या तळ्याच्या काठी रेटारेटी, मोबाईलवर सूर्योदय, सातला नाश्ता, दहाला झाडांच्या मुळांत गुरफटलेले ते 'चित्रपटातले' देऊळ, दुपारी बाजार. ते 'चित्रपटातले' देऊळ म्हणजे ता प्रोम. सातव्या जयवर्म्याने ११८६ मध्ये आपल्या मातेच्या पुण्यार्थ बांधलेला हा बौद्ध विहार. तिथल्या संस्कृत शिलालेखात विहाराच्या सेवेतील ६१५ नर्तकींची गणती आहे आणि राज्यभरातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेखही. आठशे वर्षांपूर्वीच्या एका राजाला आपल्या प्रजेच्या आजारपणाची एवढी चिंता होती, हे मुलांना सांगावे असे आहे. पण तोवर बस सुटलेली असते. या विहाराचे संवर्धन २००३ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कंबोडियाच्या 'अप्सरा' प्राधिकरणासह करीत आले आहे. तिथल्या नर्तनसभेचे पुनरुज्जीवन पूर्ण होऊन २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. किती भारतीय प्रवाशांना तिथे उभे असताना हे ठाऊक असते?

म्हणून तिकीट काढतानाच मनाशी ठरवावे. अंगकोरचे एका दिवसाचे तिकीट २०१७ मधील दरवाढीनंतर ३७ डॉलरचे झाले, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२. हिशेबी माणसाला यातले मर्म लगेच कळावे. तीन दिवसांचे तिकीट दहा दिवसांत सोयीने वापरता येते. बारा वर्षांखालील मुलांना पारपत्र दाखवून प्रवेश विनामूल्य आहे. पहिला दिवस केवळ अंगकोर वाटचा. दुसरा अंगकोर थोम, बायोनचे चतुर्मुख मनोरे आणि ता प्रोम. तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेई. हे मंदिर छोटे, गुलाबी वालुकाश्माचे, इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले. राजाने नव्हे, तर यज्ञवराह नामक राजगुरूने बांधलेले. त्याच्या तोरणांवर कैलास हलवणारा रावण, वाली-सुग्रीवांचे द्वंद्व, खांडववनावर कोसळणारा पाऊस असे काही कोरले आहे की लाकूडही इतके मऊ वाटू नये. 'स्रेई' म्हणजे आपली 'स्त्री'च. १९२३ मध्ये आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने इथल्या देवतामूर्ती उपटून नेण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. पुढे तोच गृहस्थ फ्रान्सचा सांस्कृतिक कार्यमंत्री झाला! युरोपच्या संग्रहालयांत आशियाई शिल्पे पाहून भारावणाऱ्यांनी ही कथा गाठीशी ठेवावी.

मात्र अंगकोर हा केवळ भूतकाळाचा सोहळा नाही. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने तिथे सुमारे सतरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला. लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा. साम्यवादी समतेच्या नावाखाली शहरे रिकामी केली गेली, शाळा बंद झाल्या, भिक्षूंची चीवरे उतरवली गेली. शिकलेला असणे हाच गुन्हा ठरला. राजधानी नोम पेन्हमधील तुओल स्लेंग ही एके काळची शाळा. तिचा छळछावणी म्हणून वापर झाला आणि आज ती स्मारक आहे. तेथील वर्गखोल्यांच्या भिंतींवर मृतांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. लहान मुलांना तिथे नेऊ नये. मोठ्यांनी चुकवू नये. त्या अंधारातून देश बाहेर येत असताना, जग पाठ फिरवून उभे होते. जुलै १९८० मध्ये तेथील नव्या सरकारला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. भूसुरुंगांनी पेरलेल्या त्या भूमीवर १९८६ ते १९९३ या काळात भारतीय तज्ज्ञांनी अंगकोर वाटची डागडुजी केली. दगड स्वच्छ करताना वापरलेल्या रसायनांवर पुढे पाश्चात्त्य जाणकारांनी टीका केली. त्या टीकेत तथ्य होते, हे मान्य करायला कमीपणा वाटू नये. पण टीकाकार ज्या वेळी पॅरिसमध्ये होते, त्या वेळी भारतीय अभियंते तिथे होते, हेही तितकेच खरे.

ते भूसुरुंग अजूनही पूर्ण निघालेले नाहीत. पर्यटनस्थळे सुरक्षित आहेत, मात्र आडरानात पायवाट सोडून जाऊ नये. बांतेय स्रेई आणि ता प्रोमच्या वाटेवर हातपाय गमावलेल्या माणसांची वाद्यवृंदमंडळी बसलेली असतात. ती भीक मागत नाहीत, पारंपरिक ख्मेर वाद्ये वाजवतात. घटकाभर थांबावे, ऐकावे, समोरच्या पेटीत यथाशक्ती काही ठेवावे. उलट पोस्टकार्डे विकणाऱ्या चिमुरड्यांना दयेपोटी पैसे देऊ नयेत. त्या पैशांनीच त्यांची शाळा सुटते. अनाथालयाला भेट देऊन छायाचित्रे काढण्याचे टूमही असते. त्यापासून दूर राहावे.

आता एक नाजूक बाब, जी भारतीयांनीच भारतीयांना सांगायला हवी. अंगकोरच्या भिंतींसमोर उभे राहिले की ऊर भरून येतो आणि तोंडून सहज निघते, 'हे सगळे आपलेच!' भावना स्वाभाविक आहे. मात्र ती मोठ्याने बोलून दाखवण्यापूर्वी २००३ च्या जानेवारीतील घटना आठवावी. एका थाई अभिनेत्रीने अंगकोर थायलंडचे असल्याचे म्हटल्याची अफवा उठली आणि नोम पेन्हमध्ये थायलंडचा दूतावास जाळला गेला. बिहारमध्ये अंगकोर वाटची प्रतिकृती उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हाही कंबोडियाने आक्षेप नोंदवला आणि योजनेचे स्वरूप व नाव बदलावे लागले. पराभव, दुष्काळ, वंशसंहार यांतून गेलेल्या त्या राष्ट्रापाशी अभिमानाने मिरवण्यासारखे जे उरले, ते म्हणजे अंगकोर. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांच्या पिढीने पूर्वेकडील राज्यांना भारतीय 'वसाहती' म्हटले. परक्या सत्तेखाली दबलेल्या देशाला तो शब्द त्या काळी बळ देणारा होता, पण आज तो अपुरा पडतो. भारतातून तिथे सैन्य गेल्याचा पुरावा नाही. विद्वान, व्यापारी, ग्रंथ आणि कथा गेल्या. ख्मेर राजांनी त्या आपखुशीने घेतल्या आणि त्यांतून जे घडवले, तसे भारतात कुठेही नाही. त्यांच्या रामकथेचे नाव 'रामकेर्ती', उच्चारी 'रिआमकेर'. तीत राम ख्मेरच आहे.

अंगकोर वाटच्या पश्चिम प्रवेशद्वारातच उजवीकडे एक भव्य अष्टभुज मूर्ती उभी आहे. अभ्यासक तिला विष्णू मानतात. स्थानिक लोक तिला 'ता रिच' म्हणतात. 'रिच' म्हणजे 'राजा', 'ता' म्हणजे आजोबा. बौद्ध असलेले हे लोक तिला भगवी वस्त्रे नेसवतात, उदबत्त्या लावतात, लग्न ठरले की पाया पडायला येतात. गुडघे टेकून बसलेल्या त्या आजीच्या शेजारी मराठी माणसाने पादत्राणे काढून क्षणभर हात जोडले, तर नाते सांगण्यासाठी भाषणाची गरज उरत नाही. मंदिराच्या सर्वांत वरच्या भागात खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे असल्याशिवाय प्रवेश नाही. ही सूचना वाचून हुज्जत घालणारे प्रवासी सर्वच देशांचे असतात. त्यांत आपली भर नको.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. विमान बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे मिळते, व्हिसा घरबसल्या संगणकावरून. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो गावापासून दूर असल्याने तासाभराचा रस्ता धरून चालावा. शाकाहारी मंडळींनी सावध असावे. तिथल्या बहुतेक कालवणांत मासळीचा रस्सा किंवा प्रहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचे वाटण, असतेच आणि स्वयंपाकी त्याला मांसाहार समजत नाही. भारतीय उपाहारगृहे आहेत, तरीही चिवड्याचा आणि दशम्यांचा डबा सोबत असलेला बरा. थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर २०२५ मध्ये सशस्त्र संघर्ष झाला. अंगकोर सीमेपासून अंतरावर असले तरी खुष्कीच्या मार्गाने बँकॉकहून जाण्याचा बेत आखण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचावी आणि सीमेवरील प्रेआ विहेआरच्या शिवमंदिराचा मोह परिस्थिती पूर्ण निवळेपर्यंत आवरावा.

परतीचे विमान नोम पेन्हहून घेता आले तर उत्तम, कारण तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवायला हवा. देवतांच्या मूर्तींनी ते भरलेले आहे. परंतु मुलांना घेऊन आधी एका ओबडधोबड शिळेपुढे जावे. मेकाँगकाठच्या संबोर येथे सापडलेला हा जुन्या ख्मेर भाषेतील लेख ख्मेर रूजच्या धुमाकुळात गहाळ झाला होता. अमीर अॅक्झेल या गणितविषयक लेखकाने तो २०१३ मध्ये अंगकोरच्या एका गोदामातून शोधून काढला. लेखात वर्ष कोरले आहे ६०५, आणि सहा व पाच यांच्या मधल्या शून्याच्या जागी एक ठिपका आहे. निश्चित काळ ठाऊक असलेल्या शून्याच्या जगातील सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक. हे ६०५ इसवी सनाचे नाही. इसवी सनानुसार ते ६८३ येते. ते आहे शके ६०५; घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर दर पाडव्याला ज्याचा आकडा एकाने पुढे सरकतो, तोच शक.